मूत्रपिंडाचा सौदा : संमती कोणाची, लाभ कोणाचा?

(पंचायत सदस्य, शिक्षक व महसूल कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

भारतीय संसदेने १९९४ साली संमत केलेल्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमाच्या उद्देशिकेत तीन राज्यांचा नामोल्लेख आहे : गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय आपल्या घटनेने राज्यांकडे सोपविलेला आहे. त्यावर केंद्राने कायदा करावयाचा, तर राज्यांच्या विधानमंडळांनी तसा ठराव करून संसदेस विनंती करावी लागते. घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाने ही वाट मोकळी ठेवली आहे. या तीन राज्यांनी ती वाट धरली आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून हा कायदा त्यांच्या हद्दीत अंमलात आला. अवयवांच्या खरेदी-विक्रीस बंदी घालणारा हा कायदा महाराष्ट्रावर कोणी लादलेला नाही. महाराष्ट्राने तो मागून घेतला आहे. तो का मागावा लागला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे झाले. डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या शरीरात बसविले. दोघे भाऊ एकसारखे जुळे होते, म्हणूनच ते शक्य झाले. परक्याचा अवयव शरीर स्वीकारीत नाही, त्यावर तुटून पडते, ही अडचण पुढे कित्येक वर्षे कायम राहिली. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला. त्याच रुग्णालयात १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया केली. केप टाऊनमधील जगातील पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत मुंबईने उचललेले हे पाऊल होते. तो रुग्ण वाचला नाही. पण प्रयत्नाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसविण्याची कामगिरी १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पार पडली.

या सर्व काळात अवयवांचा बाजार नव्हता. मनुष्यस्वभाव त्या वेळी अधिक निर्मळ होता असे नव्हे. परक्याच्या मूत्रपिंडाचा फारसा उपयोगच होत नसल्याने ते विकत घेण्यास कोणी पुढे येत नव्हते, एवढेच त्याचे कारण. १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध वापरात आले आणि चित्र पालटले. या औषधाने शरीराची परक्या अवयवाविरुद्धची प्रतिक्रिया आटोक्यात ठेवता येऊ लागली. भावाचे किंवा आईचे मूत्रपिंड मिळाले नाही तरी परक्याचे चालू लागले. जे चालते त्याला किंमत येते, हा बाजाराचा नियम येथेही लागू झाला. मुंबई आणि मद्रास या शहरांकडे देशातील धनिकांचा आणि आखाती देशांतील रुग्णांचा ओघ सुरू झाला. मद्रासमधील विल्लीवाक्कम या वस्तीला तर लोक ‘किडनीवाक्कम’ म्हणू लागले.

या व्यवहाराचा पहिला मोठा हिशेब विकत घेणाऱ्यांच्या बाजूने झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९० साली एक लेख प्रसिद्ध झाला. संयुक्त अरब अमिराती व ओमान येथील १३० रुग्णांनी मुंबईत येऊन मूत्रपिंडे विकत घेतली होती. त्यांचे पुढे काय झाले याचा तो अभ्यास होता. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण चिंता वाटावी इतके होते, आणि काहींना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे आढळले. घाईने गाठलेला, पैशासाठी आजार लपविणारा दाता आणि पैशासाठी तपासणीकडे डोळेझाक करणारा मध्यस्थ, असा हा व्यवहार. त्यात खरेदीदारही सुरक्षित नव्हता.

कायदा काय सांगतो? रक्ताच्या व विवाहाच्या जवळच्या नात्यातील व्यक्ती, म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडेसुद्धा, एकमेकांना अवयव देऊ शकतात. अठरा वर्षांखालील जिवंत मुलाचा अवयव घेता येत नाही. नात्याबाहेरच्या व्यक्तीने द्यावयाचा असेल तर तो आपुलकीपोटी, जिव्हाळ्यापोटी किंवा अन्य विशेष कारणासाठी दिला जात आहे, अशी प्राधिकार समितीची खात्री पटावी लागते. अवयवासाठी पैसा अथवा पैशाच्या मोलाची कोणतीही वस्तू देणे, घेणे, त्यासाठी माणूस शोधणे, जाहिरात करणे, हे सर्व गुन्हे आहेत. २०११ च्या दुरुस्तीने या गुन्ह्यांची शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी कडक केली. मात्र अवयव देताना दात्यास आलेला खर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्यास कायद्याची आडकाठी नाही. मोबदला आणि भरपाई यांत कायद्याने फरक केला आहे. या तरतुदीचा व्हावा तेवढा उपयोग केला जात नाही, ही खेदाची गोष्ट होय.

आता बंदीच्या विरोधात जे म्हटले जाते ते नीट ऐकून घेतले पाहिजे. ते बोलणारे सारेच दलाल नसतात. त्यांत विचारवंत आहेत, डॉक्टर आहेत आणि रुग्णांचे नातेवाईकही आहेत. त्यांचे म्हणणे असे : मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. तालुक्याच्या गावी ही सोय नसेल तर प्रवासातच त्याचा दिवस जातो, नोकरी सुटते, घर कर्जात बुडते. दुसरीकडे निरोगी माणसाला दोन मूत्रपिंडे असतात आणि एकावर तो जगू शकतो. सज्ञान माणसाने स्वखुशीने एक विकून मुलीचे लग्न केले किंवा कर्ज फेडले, तर कोणाचे काय बिघडले? खाणीत उतरणारा, उंच इमारतीच्या परांचीवर चढणारा मजूर आपले शरीर धोक्यात घालून पैसा मिळवीत नाही काय? शिवाय या शस्त्रक्रियेत शल्यविशारदाला शुल्क मिळते, रुग्णालयाला बिल मिळते, औषध कंपनीला नफा मिळतो. फक्त ज्याच्या देहातून अवयव जातो त्यानेच तेवढे दान करावे, हा कोणता न्याय?

यातील शेवटचा प्रश्न खरोखरच बोचरा आहे आणि त्याला झटकन उत्तर देऊन मोकळे होता येणार नाही. तथापि पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे कोणाचे काय बिघडले याचे, उत्तर तर्काने शोधण्याची गरज उरलेली नाही. विकणाऱ्यांना भेटून ते विचारण्यात आले आहे.

फेब्रुवारी २००१ मध्ये चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांच्या शस्त्रक्रियांना सरासरी सहा वर्षे होऊन गेली होती. त्याचे निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००२ साली प्रसिद्ध झाले. शंभरातील ९६ जणांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. त्यांना सरासरी १,४१० डॉलर देण्याचे कबूल केले होते, हातात पडले १,०७० डॉलर. विक्रीनंतर कुटुंबाचे उत्पन्न सरासरी एकतृतीयांशाने घटले होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे प्रमाण विक्रीपूर्वी ५४ टक्के होते, ते ७१ टक्के झाले. आणि हे तामिळनाडूतील सर्वसाधारण उत्पन्न वाढत असतानाच्या काळात. ८६ टक्के लोकांनी आपली प्रकृती खालावल्याचे सांगितले. सर्वांत विदारक आकडा पुढचाच : ज्या कर्जासाठी हे सारे केले, ते कर्ज चारांपैकी तिघांच्या डोक्यावर अजून होतेच. दुसऱ्याला हा मार्ग सुचवाल काय, या प्रश्नाला ७९ टक्क्यांनी नकार दिला.

असे का व्हावे? विकणारे बहुधा हमाली, बांधकाम, शेतमजुरी, धुणीभांडी अशा अंगमेहनतीच्या कामांवर जगणारे लोक. कुशीत लांब छेद घेतलेल्या माणसाला पूर्ववत ओझे उचलता येत नाही, आणि त्याच्या घरात उत्पन्नाचे दुसरे साधन नसते. ज्या दात्याला भावाने किंवा मुलाने आयुष्यभर सांभाळावयाचे असते, त्याची गोष्ट वेगळी. त्याची वर्षातून एकदा तपासणी होते, रक्तदाब पाहिला जातो, जड काम दुसरे कोणी करते. विकणाऱ्याला रुग्णालयातून सुटी मिळाली की त्याचा रुग्णाशी, डॉक्टरशी आणि दलालाशी असलेला संबंध संपतो. वैद्यकशास्त्र ज्याला सुरक्षित शस्त्रक्रिया म्हणते तिची सुरक्षितता अशा रीतीने त्यानंतरच्या देखभालीवर अवलंबून असते, आणि ही देखभाल विक्रीच्या किमतीत धरलेली नसते.

या ३०५ जणांत ७१ टक्के स्त्रिया होत्या. घरात कमावता पुरुष असेल तर त्याची मजुरी बुडू नये म्हणून, आणि तो आजारी असेल तर तो आजारी आहे म्हणून, बाईने शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे, असा हा हिशेब. नात्यातील दानाचे चित्रही फारसे निराळे नाही. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये आई, पत्नी, बहीण यांची संख्या मोठी, आणि अवयव मिळणाऱ्यांमध्ये पुरुषांची. ममतेने दिलेल्या दानाबद्दल आदरच असावयास हवा. परंतु घरातील सर्वांच्या नजरा एकाच बाईकडे वळल्या असता तिने दिलेला होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न विचारणे हा त्या ममतेचा अपमान नव्हे.

संमतीच्या प्रश्नाचा आपल्या कायद्याने यापूर्वीही विचार केलेला आहे. १९७६ साली वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा झाला. वेठबिगाराने स्वखुशीने अंगठा उमटविला होता, ही सबब त्या कायद्यापुढे चालत नाही. पुढे १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाचा अर्थ लावला. सक्ती केवळ लाठीची किंवा कायद्याचीच नसते. भूक आणि दारिद्र्य यांमुळे ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच उरत नाही, त्याने किमान वेतनाहून कमी मजुरीवर केलेले कामही सक्तीचेच होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. श्रमाच्या बाबतीत जे मान्य झाले ते देहाच्या अवयवाच्या बाबतीत नाकारण्याचे कारण दिसत नाही. उंच परांचीवर चढणाऱ्या मजुराचा दाखला येथेच अपुरा पडतो. त्या मजुराचा धोका कमी करणे हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे आणि शिरस्त्राण, जाळी, विमा यांनी तो कमी करता येतो. मूत्रपिंड विकणाऱ्याच्या बाबतीत हानी हीच विक्रीची वस्तू असते. ती कमी कशी करणार?

कर्ज आणि अवयव यांचा संबंध आणखी एका दिशेने पाहावयास हवा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी चेन्नईच्या वस्त्यांत हिंडून एक निरीक्षण नोंदविले. जेथे मूत्रपिंड विकण्याची वहिवाट पडली तेथे सावकारांचे वसुलीचे धोरणच बदलले. ज्याच्याजवळ गहाण ठेवण्यास काही नाही त्याला पूर्वी कर्ज मिळत नसे, किंवा वसुलीसाठी थांबावे लागे. आता त्याच्याजवळ काहीतरी आहे हे सावकाराला ठाऊक झाले. म्हणजे एकाने विकले की त्याचा भार न विकणाऱ्या शेजाऱ्यावरही पडतो, “तुझ्या शेजाऱ्याने फेडले, तू का फेडीत नाहीस?” हा प्रश्न त्याच्या दारात येऊन उभा राहतो. सौदा दोघांचा, मग तिसऱ्याचे काय गेले, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. विदर्भातील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी २००६ साली गावात ‘मूत्रपिंड विक्री केंद्र’ असा फलक लावला होता. तो निषेधाचा प्रकार होता. पण निषेधासाठी त्यांना हीच भाषा सुचावी, यात सातबाऱ्यावर बोजा चढल्यावर शेतकऱ्याकडे स्वतःचे म्हणून काय उरते, ते स्पष्ट दिसते.

अवयवदानाच्या सभांमध्ये दधीची ऋषींचा आणि शिबी राजाचा दाखला हमखास दिला जातो. दाखला योग्यच आहे, परंतु तो पुरता वाचला जात नाही. दधीचींकडे देव याचना करण्यास आले, मोल ठरविण्यास नव्हे. शिबीच्या कथेत तराजू आहे खरा. पण त्यात एका पारड्यात कबुतर आहे आणि दुसऱ्यात राजाचे मांस, द्रव्य कोठेच नाही. आणि दोन्ही कथांत देणारा थोर आहे, घेणारा संकटात आहे. आजच्या बाजारात हे नाते उलटे झाले आहे. पुराणांत याच्याशी जुळणारी कथा शोधावयाची तर ती हरिश्चंद्राची : ऋण फेडण्यासाठी पत्नीला, पुत्राला आणि स्वतःला काशीच्या बाजारात उभा करणारा राजा. ती कथा ऐकताना आजवर कोणी त्या खरेदीदाराचे कौतुक केलेले नाही.

बंदी घातली तर रुग्ण मरतील, हा आक्षेप यापूर्वी रक्ताच्या बाबतीतही घेतला गेला होता. इंग्रज समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ब्रिटन व अमेरिका यांच्या रक्तपुरवठ्याची तुलना करून दाखवून दिले होते की, विकत घेतलेले रक्त दान केलेल्या रक्तापेक्षा अधिक दूषित असते, कारण गरजू विक्रेत्याला आपला आजार लपविण्याचा मोह होतो. आपल्या देशात धंदेवाईक रक्तदाते बराच काळ रक्तपेढ्यांचा आधार होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकत घेणे बंद झाले. तुटवडा पडेल अशी भीती होती. त्या तुटवड्यावर उपाय निघाला तो शाळा-महाविद्यालयांतील, गणेशोत्सव मंडळांतील आणि ग्रामपंचायतींच्या आवारातील शिबिरांतून. अर्थात मूत्रपिंड म्हणजे रक्त नव्हे. ते पुन्हा भरून येत नाही. म्हणून येथे मार्ग जिवंत माणसाकडून नव्हे, तर मृत्यूनंतरच्या दानाकडून जावयास हवा. अपघातात मेंदूला मार बसून मेंदूस्तंभ मृत झाला तरी कृत्रिम श्वासामुळे हृदय काही काळ चालू राहते. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून हा मृत्यू प्रमाणित केला आणि कुटुंबीयांनी संमती दिली, तर एका देहातून दोन मूत्रपिंडे, यकृत, हृदय व नेत्र अनेकांना मिळू शकतात. मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे प्रतीक्षायादीनुसार त्यांचे वाटप करतात. ज्यांचे नात्यातील दाते जुळत नाहीत अशा दोन कुटुंबांना परस्परांत दात्यांची अदलाबदल करण्याची मुभाही २०११ पासून आहे.

मूत्रपिंडाच्या मोबदल्यास कायदेशीर मान्यता देण्याचा प्रयोग १९८८ पासून इराणने केला आहे. तेथे सरकार काही रक्कम देते आणि रुग्ण वर आणखी देतो. प्रतीक्षायादी त्यामुळे घटली, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. पण देणारे तेथेही गरीब वस्त्यांतूनच येतात.

आपल्या कायद्यातील कच्चा दुवा कोणता, हे गेल्या तीस वर्षांतील प्रकरणांनी उघड केले आहे. ‘आपुलकी व जिव्हाळा’ हे शब्द चांगल्या हेतूने घातलेले. परंतु आपुलकीची शपथपत्रे मुद्रांकावर टंकलिखित होऊन येऊ लागली. समित्या काटेकोर झाल्या तेव्हा आपुलकीऐवजी नातेच बनावट तयार होऊ लागले. २०१६ साली मुंबईतील एका खाजगी रुग्णालयात बनावट कागदपत्रांच्या आधारे परक्या स्त्रीला रुग्णाची पत्नी दाखविल्याचे प्रकरण शस्त्रक्रियेच्या ऐन वेळी उघडकीस आले. २०२२ साली पुण्यातही तसाच प्रकार घडल्याची तक्रार झाली. तेथे पंधरा लाख रुपयांचे आमिष दाखवून ठरलेली रक्कम न दिल्याने देणाऱ्या स्त्रीनेच तोंड उघडले. हे धाडस लहान नव्हे, कारण पैसे घेणाराही कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरतो. दलालाला याची पूर्ण जाणीव असते. फसविला गेलेला माणूस गप्प बसेल, याच भरवशावर त्याचा धंदा चालतो. कर्जाने गांजलेला विक्रेता आणि लाखो रुपये मिळविणारा मध्यस्थ यांना एकाच मापाने मोजावे काय, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी पुन्हा करावा, असे म्हणण्यास जागा आहे.

प्राधिकार समिती मोठ्या शहरातील रुग्णालयात बसते, पण तिच्यापुढे येणारे कागद गावातून येतात : शिधापत्रिका, रहिवास, विवाहनोंद. नात्याबाहेरील दाता परराज्यातील असेल तर त्याच्या रहिवासाची पडताळणी तहसीलदाराने किंवा त्यासाठी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याने करावयाची असते. दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घेऊन तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्यावी, असे २०१४ चे नियम सांगतात. कर्जाची बाब असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली अवैध सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार नेता येते, आणि रुग्णाची बाब असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे, ही माहिती पोलीस पाटील, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याजवळ असावी. खेड्यात विवाहनोंदणीचे दप्तर ग्रामपंचायतीतच असते. रुग्ण आणि दाता पती-पत्नी असल्याचा दाखला कोणी मागू लागल्यास नोंदवहीतील पान, साक्षीदारांची नावे व घरच्या शिधापत्रिकेवरील नावे ताडून पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. लग्नाची तारीख शस्त्रक्रियेच्या थोडीच आधीची असेल तर साक्षीदारांना बोलावून विचारावे, आणि त्या स्त्रीशी शक्यतो एकटीशी, सोबत आलेल्या माणसांना बाहेर बसवून, बोलावे.